संकष्टीचा चंद्र नऊ वाजताच का उगवतो?

चंद्राच्या कला कशामुळे दिसतात, असा प्रश्न शिक्षकांच्या शिबिरात विचारला की क्षणभर शांतता पसरते. मग कोणीतरी धीर करून म्हणते, "पृथ्वीची सावली पडते म्हणून." बाकीच्या बऱ्याच माना होकारार्थी हलतात. एखाददुसरे गुरुजी अस्वस्थ होतात. त्यांना आठवत असते की सावलीमुळे तर ग्रहण होते. पण मग कला कशामुळे, हे नेमके सांगता येत नाही.

यात वरमून जाण्यासारखे काही नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पदवीदान समारंभाच्या वेळी २३ जणांना ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात, असे विचारले होते. त्यांत नवे पदवीधर होते, जुने विद्यार्थी होते आणि प्राध्यापकही होते. २१ जणांच्या उत्तरांत चुकीच्या कल्पना निघाल्या. १९८७ साली यावर 'अ प्रायव्हेट युनिव्हर्स' नावाचा एक लघुपट निघाला. म्हणजे हा दोष आपल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांचा नाही. हा विषय ज्या रीतीने शिकवला जातो, त्या रीतीचाच तो आहे.

शिबिरात यानंतर आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. संकष्टीचा उपास किती वाजता सोडतात? यावर मात्र सगळी सभा एका सुरात उत्तर देते: चंद्रोदय झाल्यावर, रात्री नऊ-साडेनऊला. बरे, मग विनायकी चतुर्थीचा चंद्र रात्री नऊ वाजता कुठे असतो? इथे पुन्हा शांतता. गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणून जे कटाक्षाने मान खाली घालून चालतात, त्यांना बहुधा आठवते की तो संध्याकाळीच पश्चिमेला दिसतो आणि नऊच्या सुमारास मावळून जातो.

दोन्ही चतुर्थ्याच. एकीचा चंद्र ज्या सुमारास उगवतो, त्याच सुमारास दुसरीचा मावळतो. असे का, याचे उत्तर आणि कला का दिसतात याचे उत्तर एकच आहे. पाठ्यपुस्तकातली आकृती मुलांना पाठ असते, पण ती या प्रश्नाला लावून पाहायला त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सावली कोणाची?

आधी पृथ्वीच्या सावलीचा निकाल लावू. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. शुद्ध अष्टमीच्या दुपारी चार वाजता मुलांना मैदानात आणावे. पूर्वेच्या बाजूला आकाशात बराच वर अर्धा चंद्र दिसेल, फिकट, ढगाच्या तुकड्यासारखा. सूर्यही आकाशातच आहे, पश्चिमेकडे. आता पृथ्वीची सावली कुठे पडली असेल? सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, म्हणजे आपल्या पायांखाली, क्षितिजाच्या खाली. चंद्र तर वर आहे. मग त्याचा अर्धा भाग कोणी काळा केला? सातवीतला मुलगा या प्रश्नापाशी आला की सावलीची कल्पना तो स्वतःच सोडून देतो. आपण नुसते "सावलीमुळे नाही" असे दहा वेळा सांगितले तरी ते होत नाही.

पण 'सावली' हा शब्द अगदीच टाकाऊ नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीया'त लिहून ठेवले आहे की पृथ्वी व इतर गोलांचा सूर्याकडचा अर्धा भाग उजळलेला असतो आणि उरलेला अर्धा स्वतःच्याच सावलीने काळा असतो. सावली आहे, पण ती चंद्राची स्वतःची. आपल्याकडची रात्र म्हणजे तरी दुसरे काय? पृथ्वीच्या पाठीमागे पडलेली पृथ्वीचीच सावली. ग्रहणाचे कारण आर्यभटाने वेगळे सांगितले आहे: चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. कला आणि ग्रहण यांचा घोटाळा त्याने केला नाही. आपण करतो, कारण आपली आकृती करते.

त्या आकृतीत पृथ्वी मधोमध, तिच्याभोवती चार बोटांवर आठ चंद्र आणि उजव्या कडेला सूर्याचे किरण असतात. कागद लहान, त्याला इलाज नाही. पण या आकृतीत पौर्णिमेचा चंद्र हमखास पृथ्वीच्या सावलीत गेलेला दिसतो आणि चौकस मुलगा विचारतो, "मग दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही?" हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आकृती समजली आहे. त्याला गप्प बसवू नये.

त्याला एक मोसंबे आणि एक बोर द्यावे. मोसंबे आठ सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्या मापाने चंद्र सव्वादोन सेंटिमीटरचा, म्हणजे एक मध्यम बोर. ते मोसंब्यापासून किती अंतरावर धरायचे, हे आधी मुलांनाच सांगू द्यावे. बहुतेक जण वीत-दोन विती सांगतील. खरे अंतर येते सुमारे दोन मीटर चाळीस सेंटिमीटर, कारण चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या सुमारे तीस व्यासांइतका दूर आहे. (याच मापाने सूर्य पावणेनऊ मीटर रुंदीचा होतो आणि जवळजवळ एक किलोमीटर लांब जातो. शाळेपासून एक किलोमीटरवर काय आहे ते मुलांना विचारावे, त्यांना गंमत वाटते.) आता मोसंब्याची सावली बोराच्या अंतरावर जेमतेम सहा सेंटिमीटर रुंद उरते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बोर त्या सहा सेंटिमीटरच्या वर्तुळाच्या जवळजवळ वीतभर वरून किंवा खालून जाऊ शकते. बहुतेक पौर्णिमांना ते तसेच निसटून जाते. साधारण सहा-सहा महिन्यांच्या अंतराने जेव्हा कक्षांचे छेद सूर्याच्या रेषेत येतात, तेव्हाच ग्रहणाची शक्यता असते.

उन्हातला घडा

वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त चंद्राच्या उजेडाचे वर्णन करताना एक साधा दाखला दिला आहे: उन्हात ठेवलेल्या घड्याचा. घड्याची सूर्याकडची बाजू चकाकते आणि पलीकडची बाजू त्याच्याच सावलीने काळी राहते. चंद्राचेही तसेच. वर्गात सांगण्यासाठी यापेक्षा चांगला दाखला आम्हाला सापडलेला नाही, आणि तो करूनही पाहता येतो.

सकाळची शाळा असेल तर वद्य सप्तमी ते दशमी हे दिवस घ्यावेत. दुपारची असेल तर शुद्ध सप्तमी ते दशमी. चंद्र दिवसा आकाशात आहे आणि ऊनही आहे, एवढेच पाहिजे. मातीचा लिंबाएवढा गोळा करून वाळवावा, चुन्याने रंगवावा आणि सायकलच्या तारेवर किंवा काडीवर खोचावा. उन्हात उभे राहून हात लांब करून हा गोळा बरोबर चंद्राच्या शेजारी दिसेल असा धरावा. मग नीट पाहावे.

गोळ्यावर तीच कला दिसते जी चंद्रावर आहे. उजेडाची बाजू तीच, कलही तोच. गोळा चंद्रापासून दूर सरकवून सूर्याच्या दिशेला नेऊ लागलो की त्याची कोर होत जाते. उलट दिशेला, सूर्याकडे पाठ करून धरला की तो जवळजवळ पूर्ण उजळलेला दिसतो. (सूर्याकडे सरळ पाहायचे नाही, आणि गोळा सूर्याच्या फार जवळ न्यायचा नाही. ही सूचना आधी द्यावी आणि मध्येही द्यावी.) अंधाऱ्या खोलीत दिवा लावून चेंडूचा प्रयोग आपण सगळेच करतो. तो चांगलाच आहे, पण त्यात दिवा म्हणजे सूर्य 'समजायचा' असतो. इथे काही समजायचे नाही. सूर्य खरा, चंद्र खरा, फक्त गोळा आपला.

गोळ्याचा अर्धा भाग सगळा वेळ उजळलेलाच होता. कमी-जास्त झाले ते आपल्याला त्यातले किती दिसते एवढेच, आणि ते ठरले सूर्य आणि गोळा यांच्यामध्ये आपल्या डोळ्याशी होणाऱ्या कोनावरून. कला म्हणजे हा कोन. बाकी सगळे यातून निघते.

मुठीने मोजायची तिथी

हा कोन मोजण्याची रीत आपल्या घरात शेकडो वर्षे आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यामधले अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी होते. ३६० अंशांच्या तीस तिथ्या. अमावास्येला कोन शून्य, पौर्णिमा पुरी होते तेव्हा १८० अंश. शुद्ध चतुर्थी म्हणजे कोन ३६ ते ४८ अंशांच्या दरम्यान. पंचांगातली तिथी म्हणजे आकाशातल्या कोनाचे दुसरे नाव आहे, हे कळले की मुलांना पंचांग आणि विज्ञानाचे पुस्तक ही दोन वेगळी कपाटे वाटेनाशी होतात. फलज्योतिषाशी याचा काही संबंध नाही, हेही जाता जाता सांगून टाकावे.

बारा अंश म्हणजे केवढे? हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती रुंदीला साधारण दहा अंश झाकते. मुलांची मूठ लहान तसा हातही आखूड, म्हणून हे माप सगळ्यांना चालते. म्हणजे एक तिथी मुठीपेक्षा थोडी मोठी. शुद्ध पंचमीला सूर्य मावळताच, तो जिथे मावळला तिथपासून चंद्रापर्यंत मुठी मोजत जावे. पाच-सहा मुठी भरतील. पुढच्या संध्याकाळी त्याहून एक जास्त.

आता कोनाचे घड्याळ करू. यासाठी मैदानात एका मुलाला मधोमध उभे करावे. तो पृथ्वी, आणि आपण त्याच्या नाकावर राहतो. त्याने दोन्ही हात बाजूंना पसरावेत: डावा हात पूर्व क्षितिज, उजवा पश्चिम. दूर एक मुलगा सूर्य म्हणून उभा करावा. पृथ्वीने सूर्याकडे तोंड केले की दुपारचे बारा. डावीकडे पाव वळण घेतले की सूर्य उजव्या हाताच्या टोकावर आला, म्हणजे संध्याकाळचे सहा. सूर्याकडे पाठ म्हणजे मध्यरात्र. आणखी पाव वळणाने सूर्य डाव्या हातावर उगवतो, सकाळचे सहा. दोन-चार फेऱ्या होऊ द्याव्यात, मुले हसतात, गरगरतात, पण दिशा पक्क्या होतात.

मग पृथ्वी पुन्हा सूर्याकडे तोंड करून उभी असताना तिच्या डाव्या हाताच्या रेषेत चंद्र उभा करावा. सूर्य आणि चंद्र यांत काटकोन, म्हणजे शुद्ध अष्टमी. दुपारी बाराला चंद्र डाव्या हातावर आहे: उगवतो आहे. संध्याकाळी सहाला पृथ्वीचे नाक थेट चंद्राकडे: चंद्र माथ्यावर. मध्यरात्री तो उजव्या हातावर: मावळला. चंद्र पाठीमागे नेला की पौर्णिमा. मग तो सूर्य मावळताना उगवतो आणि सूर्य उगवताना मावळतो. उजव्या हाताच्या रेषेत उभा केला की वद्य अष्टमी: मध्यरात्री उगवणार, दुपारी मावळणार.

इतके झाल्यावर आपले सणवार काढावेत. गोकुळाष्टमी ही श्रावण वद्य अष्टमी आणि कृष्णजन्म मध्यरात्री. नेमका त्याच सुमारास अर्धा चंद्र पूर्वेला उगवतो. कोजागरीला दुधात चंद्र पाहायचा तो मध्यरात्री, कारण पौर्णिमेचा चंद्र तेव्हाच माथ्यावर येतो. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची: रात्रभर जागरण करणाऱ्याला अगदी पहाटे, सूर्य उगवण्याच्या थोडे आधी, पूर्वेला बारीक कोर दिसते. भाऊबीज शुद्ध द्वितीयेची. ज्या बहिणीला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, आणि तिला घाई करावी लागते, कारण बीजेची कोर सूर्य मावळल्यावर तास-दीड तासात जाते. रमझान ईदचा चंद्र पाहणारेही सूर्यास्तानंतर लगेच पश्चिमेकडेच डोळे लावून बसतात. प्रतिपदेची कोर तर सूर्याच्या इतकी जवळ असते की ती सहसा दिसतच नाही. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेत वाढत जाणाऱ्या राज्याला प्रतिपदेच्या चंद्रलेखेची उपमा दिली आहे. ही उपमा वद्य पक्षातल्या कोरीला चालली नसती, ती दर पहाटे झिजत जाते.

हे घड्याळ एकदा बसले की चित्रांतल्या चुकाही दिसू लागतात. नाटकाच्या पडद्यावर मध्यरात्रीचा देखावा आणि माथ्यावर नाजूक चंद्रकोर असते. मध्यरात्री माथ्यावर असलेला चंद्र सूर्याच्या समोर, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचाच असणार. कोर मध्यरात्री आपल्या आकाशात असूच शकत नाही. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये चांदणी काढणारे तर पुष्कळ. तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग आहे, त्यातून चांदणी दिसेल कशी? आम्ही मुलांना अशा चुका शोधायला लावतो. भेटकार्डे, जाहिराती, गोष्टीच्या पुस्तकांतली चित्रे, कुठेही पुष्कळ सापडतात.

नऊचे गणित

आता संकष्टी. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला चार मिनिटे. बारा अंशांच्या तिथीला ४८ मिनिटे. पौर्णिमा पुरी होते त्या वेळचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो. त्यानंतर वद्य चतुर्थीपर्यंत तो ३६ ते ४८ अंश पुढे, पूर्वेकडे सरकलेला असतो. म्हणून त्याला उगवायला सूर्यास्तानंतर दोन तास चोवीस मिनिटे ते तीन तास बारा मिनिटे लागतात. सूर्य साडेसहाला मावळला असे धरले तर ही वेळ येते नऊला पाच-सहा मिनिटे कमी ते पावणेदहा.

शुद्ध चतुर्थीचा चंद्र सूर्यापासून तितकेच अंश, ३६ ते ४८, पूर्वेला असतो. तो सूर्याच्या मागोमाग तितक्याच वेळाने मावळतो. तेच नऊ ते पावणेदहा. दोन्ही चतुर्थ्यांचा मेळ असा बसतो.

हे गणित फळ्यावर मांडल्यावर एखादी मुलगी उठून म्हणेल, "पण सर, आमच्याकडे मागच्या संकष्टीला दहा वाजून गेले तरी आजी उपाशीच होती." ती खरे बोलते आहे. वर्षभराच्या दिनदर्शिकेतून बारा संकष्ट्यांच्या चंद्रोदयाच्या वेळा वहीत उतरवून घ्यायला सांगाव्यात आणि त्यांचा आलेख काढून घ्यावा. मुंबई-पुण्याकडे आश्विनातली वेळ साडेआठच्या आसपास येते आणि चैत्र-वैशाखात ती दहाच्या पुढे जाते. जवळजवळ पावणेदोन तासांचा फरक.

याची दोन कारणे आहेत. पहिले सोपे: सूर्यास्तच हिवाळ्याच्या तोंडावर लवकर आणि उन्हाळ्यात उशिरा होतो. दुसरे कारण चंद्र क्षितिजावर कुठे उगवतो याचे. आश्विनातल्या संकष्टीचा चंद्र पूर्वेच्या बराच उत्तरेकडे उगवतो. उत्तरेकडे उगवणारा सूर्य आपण उन्हाळ्यात पाहतो: तो लवकर उगवतो आणि उशिरा मावळतो. चंद्रालाही तोच नियम. उलट चैत्र-वैशाखातल्या संकष्टीचा चंद्र दक्षिणेकडे उगवतो, हिवाळ्यातल्या सूर्यासारखा, म्हणून उशिरा. दोन्ही कारणे एकाच दिशेने ओढतात आणि आजींचा उपास लांबतो. याशिवाय चंद्राचा वेग सारखा नसतो. त्यामुळे एखादी तिथी वीस तासांची तर एखादी सव्वीस तासांहून मोठी होते आणि वेळेत आणखी थोडा फरक पडतो. चंद्रोदय रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे जातो असे पुस्तकात असते, त्यातला 'सरासरी' हा शब्द मुलांना अधोरेखित करायला सांगावा.

दिनदर्शिकेत गावागावांच्या वेळा वेगळ्या छापलेल्या असतात, त्याही पाहाव्यात. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे जास्त आहे. अंशाला चार मिनिटे धरली तर नागपूरकरांना संकष्टीचा चंद्र सुमारे पंचवीस मिनिटे आधी दिसायला हवा. छापील वेळांशी ताडून पाहावे. भूगोलाच्या तासाला रेखावृत्ते शिकवताना याचा उपयोग होतो.

कोर उभी की आडवी

आपल्या पुष्कळ पुस्तकांतली चंद्रकोर उभी असते, इंग्रजी 'सी' अक्षरासारखी किंवा त्याच्या उलट. ही कोर युरोपातल्या आकाशातून आली आहे. तिथे सूर्य तिरका मावळतो, तो कोरीच्या खाली नसतो, बाजूला असतो. महाराष्ट्र आहे पंधरा ते बावीस अक्षांशांच्या दरम्यान. इथे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची कोर पाहावी. ती चक्क होडीसारखी आडवी असते, दोन्ही टोके वर. सूर्य तिच्या जवळजवळ सरळ खाली गेलेला असतो, म्हणून पोटाची बाजू उजळते. भाऊबीजेच्या कोरीची टोके मात्र डावीकडे झुकलेली दिसतात, कारण तेव्हा सूर्य तिच्या खाली पण उजवीकडे मावळलेला असतो. दोन्हींची चित्रे मुलांनी आपल्या हाताने काढून तारखेसह जपून ठेवावीत. उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते, एवढा एक नियम धरला की रात्री कोर पाहून सूर्य क्षितिजाखाली कुठे असेल ते बोटाने दाखवता येते.

याच कोरीबरोबर, आकाश स्वच्छ असेल तर, उरलेला चंद्रही राखाडी असा दिसतो. त्याच्यावर ऊन नसते, पण पृथ्वीवरून परतलेला उजेड पडलेला असतो. चंद्रावरून त्या वेळी पृथ्वी जवळजवळ पूर्ण उजळलेली दिसत असणार, हे यावरून ताडता येते.

चंद्रावरची सकाळ

कोनाची ही कल्पना मोठ्या वर्गांत आणखी एक पाऊल पुढे नेता येते. चंद्रावरचा उजेड आणि अंधार यांमधली सीमारेषा म्हणजे काय? तिथे उभ्या असलेल्या माणसाला सूर्य क्षितिजावर दिसेल. शुद्ध पक्षात उजेड वाढत जातो, म्हणजे ती सूर्योदयाची रेषा. वद्य पक्षात अंधार वाढतो, ती सूर्यास्ताची रेषा. चंद्रावरच्या एका जागी सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत साडेएकोणतीस दिवस जातात, जितके एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत. त्यातला निम्मा काळ दिवस, निम्मा रात्र.

चंद्रयान-३ चा विक्रम हा उतरक २३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी चंद्रावर उतरला. त्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती आणि चंद्र जवळजवळ अर्धा होता. उतरण्याची जागा दक्षिणेकडे, सुमारे ६९ अक्षांशावर, उजळलेल्या भागात पण सीमारेषेपासून फार लांब नाही अशी. म्हणजे तिथे सकाळ होती, सूर्य क्षितिजाच्या थोडासाच वर आला होता. विक्रम आणि प्रज्ञान ही दोन्ही यंत्रे सूर्याच्या उजेडावर वीज तयार करणारी, तेव्हा उतरायचे तर सकाळीच, म्हणजे संपूर्ण दिवस कामाला मिळतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वद्य पक्ष लागल्यावर, सूर्यास्ताची रेषा त्या जागेकडे येऊ लागली आणि दोन्ही यंत्रांचे काम थांबवून त्यांना झोपवण्यात आले. शुद्ध सप्तमीऐवजी वद्य सप्तमीला उतरलो असतो तर काय झाले असते, हा प्रश्न दहावीच्या मुलांना द्यावा. त्यांना फळ्यावर एक वर्तुळ काढून उत्तर काढता येते.

याच ठिकाणी 'चंद्राची काळोखी बाजू' या शब्दांबद्दल बोलून घ्यावे. चंद्राची एक बाजू आपल्याला कधी दिसत नाही हे खरे, पण तिथेही दोन आठवडे ऊन असतेच. अमावास्येला तर ती पूर्ण उजळलेली असते. जानेवारी २०१९ मध्ये चीनचे चांग-ई-४ हे यान त्या बाजूला उतरले, तेही सौर पॅनेल घेऊन.

निरीक्षणाची सुरुवात पावसाळा संपल्यावर, आश्विन किंवा कार्तिक शुद्ध द्वितीयेपासून करावी. पहिले तेरा-चौदा दिवस सूर्यास्ताच्या वेळी, रोज एकाच जागेवरून. पौर्णिमेनंतर सकाळी शाळेत येताना. वहीत तारीख, वेळ, चंद्राची दिशा, क्षितिजापासून मुठी, सूर्यापासून मुठी आणि कलेचे चित्र एवढी नोंद पुरे. तिथी लिहायची नाही. ती मुलांनी मुठींवरून काढायची आणि पंधरवडा संपल्यावर पंचांग उघडून पडताळायची.

आणि ज्यांची वही पूर्ण होईल त्यांच्यासाठी एक प्रश्न: २३ ऑगस्ट २०२३ च्या त्या संध्याकाळी विक्रमजवळ उभे राहून कोणी वर पाहिले असते तर आकाशात पृथ्वीची कोणती कला दिसली असती? उन्हातल्या गोळ्याचा प्रयोग ज्यांनी केला आहे, ते सांगतील: अर्ध्याहून किंचित मोठी. आणि पुढच्या दिवसांत ती वाढत गेली असती की घटत, हेही.